साडेचारशेची गाडी आणि नवशिक्याचं मनगट

वयानं तू माझ्या मुलाएवढा आहेस, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

तुझा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या लक्षात आलं ते असं: वय २४, उंची साडेपाच फूट, वजन ६० किलो. कॉलेजला स्प्लेंडर, मग दीड वर्ष हिरोची एक्सपल्स २००, तीही बऱ्यापैकी कच्च्या रस्त्यांवर. ती विकून, वर थोडं कर्ज काढून, रेसिंग सोडणाऱ्या एकाकडून ४५० सीसीची फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी, म्हणजे फक्त मातीच्या ट्रॅकवर शर्यतीसाठी बनवलेली, घेतलीस. त्याला दोन रविवार झाले. पहिल्या रविवारी गाडी हातातून सुटून बांधावर आदळली. दुसऱ्या रविवारी पुढचं चाक उचलून तिनं तुला मागे टाकलं आणि मनगट सुजलं. मित्र म्हणतात घाबरू नको, महिन्याभरात सवय होईल. वडील म्हणतात आजच्या आज विक. आणि तू विचारतोस, हिची ताकद कमी करता येईल का, आणि हिच्यावरच शिकणं जमेल का.

ताकद कमी करता येते, थोडीफार. सुरुवातीचं शिकणं मात्र हिच्यावर जमणार नाही. गाडी लगेच विकू नकोस, घाईत विकलीस तर मातीमोल जाईल. पण पुढचे चार-सहा महिने तिच्यावर कापड टाकून ठेव आणि लहान गाडीवर माती शिक. मित्र म्हणतात तशी सवय होईलही, पण ती जीव मुठीत धरून हँडल आवळायची सवय असेल. मी पोरांना ट्रॅकवर शिकवतो त्याला तेरा-चौदा वर्षं झाली. कोरा आलेला मुलगा दोन महिन्यांत उभं राहून गाडी चालवायला लागतो. मोठ्या गाडीवर घाबरून आलेल्याला आधी विसरायला लावावं लागतं, त्यातच सीझन जातो.

एक्सपल्स विकलीस हे वाचून मी कपाळावर हात मारून घेतला, तेही सांगून टाकतो. तुला हवी होती ती शाळा तुझ्या दारातच उभी होती.

आता हिशेब बघ. तुझी जुनी स्प्लेंडर आणि ही गाडी काट्यावर ठेवली, तर काटा जवळपास एकाच जागी थांबेल, ११० किलोच्या आसपास. स्प्लेंडरची ताकद ८ हॉर्सपॉवर. हिची ५० च्या वर, नव्या मॉडेलांची तर ६० ला टेकलेली. ज्या आरएक्स १०० च्या पिकअपच्या गोष्टी तुझे काका-मामा अजून रंगवून सांगत असतील, तिची ११. एक्सपल्सची १९ च्या आसपास, आणि वजन १६० किलोच्या जवळ. म्हणजे एक्सपल्समध्ये एका हॉर्सपॉवरच्या वाट्याला आठ किलो लोखंड येत होतं, इथं दोन किलो येतं. वर तू ६० किलोचा, म्हणजे गाडीला तुझंही ओझं नाही.

पण आकड्यांपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. एक्सपल्सवर तू दिवसाला शंभर चुका करत होतास आणि तुला त्या कळतही नव्हत्या. वळणात रेस जरा जास्त दिली, क्लच जरा पटकन सोडला, खड्ड्यात हात आखडला, तरी गाडी थोडी हलली आणि पुढे गेली. त्या बारक्या चुकांतूनच हात शिकतो. साडेचारशेवर बारीक चूक नावाचा प्रकारच नाही. एक्सपल्सवर जी चूक गाडी जरा हलवते, तीच इथं तुला बांधावर नेते. मग माणूस चूकच करायची नाही म्हणून आखडून बसतो आणि शिकणं तिथंच थांबतं.

तुझे दोन्ही रविवार मला तिथं नसतानाही दिसतात. झालं ते असं असणार. तू सीटवर थोडा मागे बसला होतास, कारण सीट उंच आहे, ९५० मिलिमीटरच्या घरात, आणि पाय टेकवायला मागे सरकल्यावर बरं वाटतं. क्लच सोडलास, गाडीनं झेप घेतली. तुझं धड मागे गेलं. हात हँडलला धरलेले, मग तोल सावरायला काय धरणार? हँडलच. उजवी मूठ घट्ट धरून शरीर मागे गेलं की मनगट आपोआप खाली वाकतं, आणि मनगट खाली वाकलं की रेस वाढते. रेस वाढली की गाडी आणखी ओढते, तू आणखी मागे जातोस, मनगट आणखी वाकतं. हे चक्र एका सेकंदाच्या आत पुरं होतं. डोकं ‘रेस सोड’ म्हणत असतं आणि हात पिळत असतो. आमच्याकडची पोरं म्हणतात, ‘गाडीनं ओढून नेलं.’ गाडीनं नेलेलं नसतं रे, आपणच तिच्या मुठीला लटकलेले असतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १९९८ मध्ये मी १४ हॉर्सपॉवरच्या टीव्हीएस-सुझुकी शोगनवर डर्ट रेस, म्हणजे मातीवरच्या शर्यती, करायचो आणि स्वतःला बरा समजायचो. नाशिकजवळच्या एका माळावर सराव चालू होता, तिथं ओळखीच्या एकानं बाहेरून आणलेली २५० ची टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी उतरवली. म्हणाला, मार एक चक्कर. टू-स्ट्रोकची गंमत अशी, की खालच्या आरपीएमला ती गरीब गायीसारखी असते. मला वाटलं, एवढंच? म्हणून दुसऱ्या गिअरला मूठ पिळली. अर्धा सेकंद काहीच नाही. मग सगळी ताकद एकदम आली आणि पुढचं चाक माझ्या तोंडासमोर. मी हँडल सोडलं नाही, कारण दुसऱ्याची गाडी, पडली तर काय तोंड दाखवणार. त्या नादात हासळीचं हाड मोडून घेतलं. गाडीचा फक्त क्लचचा लिव्हर वाकला. दीड महिना हात गळ्यात बांधून रेस बघायला जात होतो, आणि मालक भेटला की लिव्हरचे पैसे मागायचा.

तुझी फोर-स्ट्रोक आहे, तिचा स्वभाव वेगळा. ती वाट बघायला लावत नाही, खालूनच ओढते. आणि रेस सोडलीस की इंजिन तितक्याच जोरात मागे धरतं. त्यामुळे नवशिक्याची मूठ थरथरली की गाडी पुढे-मागे झटके देते, त्या झटक्यांनी मूठ आणखी थरथरते. म्हणून तुला ती ‘अंगावर येते’ असं वाटतं.

ही गाडी मुळात कोणासाठी आहे, तेही बघ. जागतिक मोटोक्रॉसमध्ये २५० फोर-स्ट्रोकचा एमएक्स-टू आणि ४५० चा एमएक्सजीपी असे दोन वर्ग आहेत. एमएक्स-टूला २३ वर्षांची वयोमर्यादा आहे. म्हणजे चार वर्षांचे असल्यापासून मातीत वाढलेली युरोपातली पोरंसुद्धा बहुतेक आधी २५० वर वर्षं काढतात आणि मग साडेचारशेवर बसतात. आपल्याकडे २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत झाली. तिथं ४५० चा वर्ग परदेशी रायडरांसाठी होता. आपली मुलं २५० वर उतरली होती, आणि ती मुलं राष्ट्रीय पातळीवरची होती. दीड वर्षाच्या एक्सपल्सनंतर थेट साडेचारशे म्हणजे चाळीत गल्ली क्रिकेट खेळून थेट वानखेडेवर नव्या चेंडूसमोर उभं राहणं.

आता कामाचं. गाडीला दोष द्यायच्या आधी एक शक्यता तपास, ती फार जण तपासत नाहीत: गाडी ताकदवान आहे त्याहून जास्त झटकेबाज झालेली असू शकते. सेकंड-हँड रेसच्या गाडीत हे हमखास सापडतं.

सगळ्यात आधी मूठ. इंजिन बंद ठेवून रेस पूर्ण दे आणि सोड. मूठ स्वतःहून खट्‌कन जागेवर आली पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे करून बघ, पूर्ण उजवीकडे करून बघ. मग गाडी चालू करून आयडलवर हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव, आवाज जराही चढता कामा नये. चढला तर तार कुठंतरी ताणली जातेय. तुझी गाडी बांधावर आदळलीये हे विसरू नकोस. हँडलचं उजवं टोक आपटलं की मुठीची नळी आत सरकून घासायला लागते, किंवा आत माती जाते. अशी मूठ उघडते चटकन आणि मिटते हळू. त्या गाडीवर मीसुद्धा बसणार नाही.

दुसरं, क्लच. क्लचच्या प्लेटांना बाहेरच्या बाजूला दात असतात आणि ते ज्या भांड्याच्या खाचांत सरकतात त्याला आपले फिटर हाउसिंग म्हणतात. हे हाउसिंग बहुतेक अॅल्युमिनियमचं. रेसर माणूस सुरुवातीला क्लच आपटतो, वळणावळणाला आपटतो, आणि त्या दातांनी हाउसिंगच्या कडांवर घरं पडतात. मग तू लिव्हर कितीही हळू सोड, प्लेट त्या घरात अडकते आणि एकदम सुटते. तुला वाटतं आपल्याला क्लच सोडता येत नाही. खरं तर तो क्लच कोणालाच हळू सोडता येणार नाही. उजव्या बाजूचं झाकण उघडून नखानं चाचपलं तरी खाच कळते. थोडी असेल तर कानशीनं साफ करून काही दिवस निघतात, खोल असेल तर हाउसिंग बदलायचं. तू लिहिलंयस की पहिल्या गिअरला गाडी ‘गचकन उडी मारते’. त्या एका शब्दावरून माझा पहिला संशय इथंच जातो.

तिसरं, चेन. ढिली असेल तर प्रत्येक रेस-सोड-रेसला धक्का. पण कडकही करू नकोस, या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन हातभर खाली जातं आणि तेव्हा चेन ताणली जाते. किती ढील हवी ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये जागेसकट दिलेलं असतं, तेवढीच ठेव.

हे तिन्ही नीट असेल तर मग माणसाळवायचं काम. सगळ्यात स्वस्त उपाय स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक. बहुतेक जपानी साडेचारशेंना पुढे १३ दाते आणि मागे ४८ ते ५० असतात. पुढचं १४ चं टाक. पुढचा एक दात मागच्या साडेतीन-चार दातांएवढा असतो, म्हणजे फरक चांगलाच जाणवतो. प्रत्येक गिअर लांब होतो, तेवढीच मूठ फिरवल्यावर मागच्या चाकावर जोर कमी येतो. बसवल्यावर चाक फिरवून चेन कुठं घासत नाही ना ते बघायचं. तोटा असा, की एकदम हळू चालवताना हाफ क्लच जास्त लागतो. चालेल. आणि पहिला गिअर विसर. तो फक्त गाडी हलवायला. सपाट मैदानात दुसऱ्यात नीघ आणि लगेच तिसरा टाक. साडेचारशेचं इंजिन तिसऱ्यात खालूनही आरामात ओढतं आणि झटके निम्मे होतात. नवी पोरं आवाज मोठा यावा म्हणून खालच्या गिअरला किंचाळत फिरतात, ते तू करू नकोस.

दुसरा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण तो रोगाच्या जागीच औषध लावतो. मुठीच्या नळीला तार गुंडाळणारी एक कप्पी असते. ती बदलून मिळते. नव्या कप्पीचा आकार असा असतो, की मूठ सुरुवातीला फिरताना तार हळू ओढली जाते आणि पुढे गेल्यावर भरभर. इंजिनाची ताकद तेवढीच राहते, फक्त पहिल्या पाव मुठीत जी गडबड होते ती ताणून लांब होते. थरथरणारं मनगट त्यात खपून जातं.

तिसरं, मॅप, म्हणजे इंजिन किती जोरात ओढेल ते ठरवणारी गाडीच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग. तुझ्या गाडीचं साल तू लिहिलं नाहीस. हँडलवर मॅपचं बटण असेल तर मऊ मॅपवर ठेव. यामाहाच्या २०१८ पासूनच्या साडेचारशेला फोनवरून मॅप बदलता येतो, कावासाकीच्या थोड्या जुन्या केएक्सला वायरिंगमधला बारका कपलर बदलून. मॅग्नेटवर, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकावर, वजनाची कडी बसवणं हाही चांगला उपाय, आरपीएम सावकाश चढतात आणि गाडी बंद पडायची कमी होते. पण खर्च आहे, आणि आपल्याकडे तो भाग मागवावा लागतो. आधीचे तीन उपाय करून बघ.

काय करू नये तेही सांगतो, कारण कोणीतरी सुचवणारच. सायलेन्सरमध्ये चिंधी-जाळी कोंबणं, एअर फिल्टरला पट्टी लावून हवा कमी करणं, मुठीत लाकडाचा तुकडा अडकवून रेस अर्धीच उघडेल असं करणं. पहिल्या दोन्हींनी इंजिन तापतं आणि नीट चालत नाही, झटके उलट वाढतात. तिसऱ्यात तुकडा सरकला तर मूठ उघडीच राहील. हा तिसरा जुगाड केलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. मी मुलाला बूट काढायला लावले आणि घरी पाठवलं.

सस्पेन्शनबद्दल कोणी तुला बोललं नसेल. या गाड्यांची स्प्रिंग साधारण ७५-८० किलोच्या रायडरचा विचार करून दिलेली असते, आणि आधीचा मालक वजनदार असेल तर त्यानं आणखी कडक टाकलेली असू शकते. तू ६० किलोचा बसलास की गाडी खाली बसतच नाही. उंचही वाटते, आणि खड्ड्यात मागून लाथ मारते. ती लाथ बसली की परत मनगट. म्हणून बूट-हेल्मेट सगळं घालून, गाडीवर उभा राहून मग बस, आणि दोन मित्रांना मोजायला लाव: मागच्या चाकाच्या अक्षापासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत. आधी चाक हवेत असताना, मग तू बसल्यावर. फरक १०० ते १०५ मिलिमीटर हवा. ८० येत असेल तर स्प्रिंगचं कडं सैल करायचं. टायरात हवा १२ ते १४ पीएसआय, रोडच्या गाडीसारखी २८ नाही. हे दोन आकडे बदलून एका मुलाची अर्धी भीती गेलेली मी पाहिलीय.

आता बसण्याचं. लहान गाडी मिळेपर्यंत हे इंजिन बंद ठेवून, गाडी स्टँडवर चढवून घरातच कर. उजवी मूठ स्क्रू-ड्रायव्हर धरतोस तशी जरा तिरकी धर, तळहात पूर्ण बसवून सरळ नाही. कोपर वर. असं धरलं की रेस पूर्ण बंद असताना मनगट किंचित वर असतं, आणि तू मागे गेलास तरी ते लगेच खाली कोसळत नाही. एक बोट क्लचवर, एक पुढच्या ब्रेकवर, कायम. गाडी अंगावर आली की रेस सोडायच्या आधी क्लच ओढायचा, हे बोटात मुरलं पाहिजे. डोक्यात मुरून उपयोग नाही, डोकं त्या वेळी रजेवर असतं. बसायचं टाकीच्या जवळ, पुढे. उभं राहिल्यावर गुडघ्यांनी आणि घोट्यांनी गाडी आवळायची. हात फक्त दिशा द्यायला. माझी परीक्षा अशी असते: दुसऱ्या गिअरला सावकाश, उभं राहून चालताना दोन्ही हातांची बोटं हँडलवर पेटी वाजवल्यासारखी हलवून दाखव. ज्याला हलवता आली त्यानं पायांनी गाडी धरलीय. ज्याची बोटं चिकटली तो अजून लटकलाय.

कोणत्या गाडीवर शिकायचं? मिळाली तर परत एक्सपल्सच, जुनी, पडलेली, स्वस्तातली. सस्पेन्शन फार उडायला चालत नाही, पण तुला सध्या उडायचंच नाहीये. कावासाकीची केएलएक्स २३० बजेटमध्ये बसली तर उत्तम, हलकी आणि उंच आहे, पुढे साडेचारशेवर जायला अंग तयार होतं. हिरोची जुनी इम्पल्स कुठं धूळ खात पडली असेल तर तीही चालेल. डर्ट शिकवणाऱ्यांकडे तासावर गाड्या मिळतात. पहिले आठ-दहा दिवस तोच मार्ग बरा, पडलास तर लिव्हर त्यांचा.

तिथं काय करायचं? कंटाळा येईल असंच. मुरमाड, सपाट माळ, मालकाला विचारून. दोन दगड ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा, हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकवर, पाय न टेकवता. आधी बसून, मग उभं राहून. आठ लहान लहान करत जायचा. मग ब्रेक: तिसऱ्या गिअरमधून ठरलेल्या दगडाशी थांबायचं, आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा, मग दोन्ही. मातीत पुढचा ब्रेक वापरायचाच नाही असं कोणी सांगेल, त्याला नमस्कार कर आणि पुढे जा. गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचाच करतो, फक्त तो दाबत न्यायचा असतो, आवळायचा नसतो. मग निघणं: एकाच जागेवरून पन्नास वेळा, मागचं चाक न घसरवता. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, मग उतरायचं. कोपराखालचे हात दगडासारखे कडक झाले तर समज की आवळून धरतोयस. रायडर त्याला आर्म पंप म्हणतात आणि व्यायामाचे उपाय सांगतात. नवशिक्याच्या बाबतीत त्याचं कारण बहुतेक वेळा पकड हेच असतं.

पावसाळ्यात काळ्या मातीत जाऊच नकोस, चाक आणि मडगार्डच्या मध्ये चिखल भरून चाक जाम होतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास, माती आतून ओलसर असताना, शिकायला सगळ्यात चांगले दिवस. एप्रिलमधला मुरूम म्हणजे खाली फरशी आणि वर रवा.

संरक्षणाचं थोडक्यात. मोटोक्रॉसचे बूट सगळ्यात आधी, हेल्मेट तर आहेच. मग गुडघे, छाती-पाठ, गॉगल. बूट नसतील तर इंजिनला किक मारू नकोस, या गाड्यांखाली घोटा गेला की तो घोटा राहत नाही. एकट्यानं कधी जायचं नाही. गाडीला नंबर नाही, दिवे नाहीत, म्हणून पंपापर्यंतही रस्त्यावरून न्यायची नाही, छोटा हत्ती भाड्यानं घ्यायचा. आणि समुद्रकिनारे, सडे, वनखात्याची जमीन यांच्या नादी लागू नकोस. पकडला गेलास तर गाडी जाणारच, शिवाय त्यामुळे उरलेल्यांचे माळही बंद होतात.

साडेचारशेवर परत कधी बसायचं? पेटीची परीक्षा लहान गाडीवर सहज जमायला लागली, आठचा आकडा दोन्ही बाजूंना सारखा व्हायला लागला, आणि गाडी अंगावर आल्यावर क्लचचं बोट तुझ्या आधी हललं, की बस. त्या दिवशीही सपाट मैदान, तिसरा गिअर, दहा मिनिटं. टेबलटॉप (वर सपाट असलेला उडीचा उंचवटा), चढ, मित्रांशी पैज, यातलं काही नाही. आणि इतकं करूनही दर वेळी निघायच्या आधी पोटात गोळा येत असेल, तर विकून टाक आणि २५० घे. त्यात कमीपणा नाही. मी स्वतः आज पन्नाशीत २५० च चालवतो, साडेचारशे माझ्याकडे आहे ती फक्त विद्यार्थ्यांना आवाज ऐकवायला.

तोवर ती नुसती उभी ठेवू नकोस. मॅन्युअलमध्ये या गाड्यांची सर्व्हिस किलोमीटरवर नसते, तासांवर असते. मीटर बसवला नसेल तर बसव. आधीच्या मालकाला विचार, पिस्टन किती तासांपूर्वी बदलला. उत्तर ‘आत्ताच’ असं आलं तर बिल माग. एअर फिल्टर दर वेळी धुवायचा, तेल पाच-दहा तासांनी. कर्जाचा हप्ता भरताना हाही खर्च धर, स्प्लेंडरचा हिशेब इथं चालत नाही.

वडिलांना तूर्त एवढंच सांग, की गाडी दिवाळीपर्यंत बंद आहे. आणि या रविवारी चालवायच्या ऐवजी उजवीकडचं झाकण उघड. क्लच हाउसिंगच्या खाचांचा जवळून फोटो काढ, पुढच्या स्प्रॉकेटचे दाते मोज, गाडीचं साल बघ, आणि तिन्ही मला पाठव. मनगटाचा एक्स-रे काढला नसशील तर तो मात्र रविवारच्या आधी काढ.